वाचक विचारतात : ऑइल बेंडपाइपवरच का सांडतं?

प्रश्न : माझ्याकडे केटीएमची पहिल्या पिढीतली आरसी 390 मोटरसायकल आहे. ऑइल घरीच बदलतो, पण दर वेळी फेअरिंगच्या (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) आत, बेंडपाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपवर) आणि अंगणातल्या फरशीवर राडा होतो. नंतर गाडी चालू केली की धूरच धूर. चुकतं कुठं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पोटाखालची फेअरिंग तशीच ठेवून फटीतून हात घालत असाल, तर राडा ठरलेलाच. ती आधी काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर फेअरिंगचा आकार काढून ज्याचा त्या जागी टोचून ठेवा. गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर, सरळ उभी हवी.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट असलं की पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं. कडकडीत असेल तर बोटं भाजतात, इंजिनाखालचा ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट हातातून सुटतो आणि थेट ट्रेमध्ये पडतो. ट्रे विकत आणायची गरज नाही. पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापा, बूच घट्ट लावलेलं राहू द्या. काम झालं की तेच तोंड नरसाळ्यासारखं वापरून जुनं ऑइल बाटलीत भरता येतं.

पहिली धार सगळ्यात जोरात येते. त्यामुळे वरचं ऑइल भरायचं झाकण आधी उघडू नका. ते बंद असलं की आत हवा कमी शिरते आणि धार मंदावते. शेवटचे आटे सुटताना बोल्ट बोटाने आत दाबून धरा, पूर्ण सुटला की झटकन बाजूला घ्या. मग वरचं झाकण सावकाश उघडा. शेवटी धार दोऱ्याएवढी होते आणि वाऱ्याने उडते, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका. दुपारच्या वावटळीत उघड्या इंजिनात धूळही जाते.

फिल्टरचं झाकण काढताना आत अडकलेलं ऑइल खाली ओघळतं. स्वयंपाकघरातली फॉइल दुहेरी घडी करून झाकणाखाली पन्हळीसारखी लावा आणि तिचं टोक ट्रेमध्ये सोडा. बोल्ट एकदम काढू नका. सगळे थोडे थोडे सैल करा, ऑइल झिरपून जाऊ द्या, मग झाकण ओढा. जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कव्हरला चिकटून राहिली आहे का, ते नखाने तपासा. तिच्यावरच नवी बसली तर ऑइल दाबाने बाहेर येऊन मागच्या टायरवर जाऊ शकतं, आणि मग प्रश्न फरशीचा राहत नाही. नव्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावून बसवा.

ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसली तर काळजी नको. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी मेकॅनिकला दाखवा. बोल्ट आधी हाताने बसवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंतच (आवळायच्या जोराच्या मापापर्यंतच) आवळा. इंजिनाचं कवच ॲल्युमिनिअमचं आहे. लांब पान्ह्याने जोर केला की आटे जातात.

एवढं करूनही बेंडपाइपवर थेंब पडलेच, तर पाइप गार झाल्यावर ब्रेक क्लीनरने पुसा. गरम पाइपवर तो पेट घेऊ शकतो, रंगीत प्लास्टिकलाही लावू नका. फरशीसाठी सुताराकडचा भुसा पसरून तासाभराने झाडून घ्या.

प्रश्न : माझीही तीच गाडी. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आणल्या आणि दोन्ही ओतल्या. चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. या इंजिनात 1.7 लिटर ऑइल बसतं, म्हणजे सुमारे 300 मिली जादा झालं. फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जातं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि पातळ नळी आणा, ऑइल भरायच्या तोंडातून जादाचं ओढून घ्या. पुढच्या वेळी आधी दीड लिटरच ओता. दोन मिनिटं इंजिन चालवा, थोडं थांबा, गाडी सरळ धरून इंजिनावरच्या काचेतली पातळी बघा आणि मग थोडं थोडं घाला. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. बाटलीवर जासो एमए किंवा एमए2 (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) आहे ना, तेही बघा. इथे क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं घसरट ऑइल घातलं तर तो घसरतो.

प्रश्न : परभणीचा उन्हाळा बघता जास्त जाड ऑइल घालावं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घाला. कूलंट भरलेलं आणि रेडिएटरचा पंखा चालू असेल, तर बाहेर 42 अंश असले तरी इंजिन स्वतःचं तापमान सांभाळतं. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या किकला, म्हणजे सेल्फला, वर पोचायला उशीर लावतं.

प्रश्न : जुनं ऑइल गोठ्यातल्या लाकडांना वाळवीसाठी लावतो, उरलेलं बांधावर ओततो. बरोबर आहे का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : बांधावर मुळीच नको. त्यात जळलेली काजळी आणि धातूचे कण असतात, ते मातीतून विहिरीपर्यंत जाऊ शकतात. गोठ्यातलं लाकूड जनावरं चाटतात, म्हणून तिथेही नको. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं. बूच घट्ट लावून कॅनमध्ये साठवा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.