ट्रॉमा थेरपी शिकवणारी व्यक्ती डान्स टीचर किंवा फिजिओथेरपिस्ट असेल तर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शरीराधारित ट्रॉमा थेरपीचा (मनाला बसलेल्या जुन्या धक्क्यावर शरीराच्या संवेदना आणि हालचालींतून काम करायच्या पद्धतीचा) दोन दिवसांचा वर्ग आहे, शिकवणारी बाई मूळची नृत्यशिक्षिका, जोडीदार फिजिओथेरपिस्ट, आणि मानसशास्त्राची पदवी दोघांकडेही नाही. मी फिजिओथेरपिस्टच आहे, त्यामुळे प्रश्न वाचून आधी जरा झोंबलं. पण विचारलंत ते बरोबर आहे.

या क्षेत्रात अशी सरमिसळ पहिल्यापासून आहे. सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग (एसई) ही अशीच एक पद्धत सुरू करणारे पीटर लेव्हिन मानसशास्त्राबरोबर वैद्यकीय जीवभौतिकी शिकलेले. सेन्सरीमोटर सायकोथेरपी ही दुसरी पद्धत सुरू करणाऱ्या पॅट ऑग्डेन १९७० च्या दशकात मनोरुग्णालयात तंत्रज्ञ होत्या आणि तिथंच योग आणि नृत्य शिकवायच्या. त्यामुळे आजही एसईच्या वर्गात सायकॉलॉजिस्टशेजारी मसाज करणारा, योगशिक्षक असे सगळे बसतात. तो कोर्स साधारण तीन वर्षांचा. शिवाय स्वतःसाठी दुसऱ्याकडून सेशन्स घ्यायची आणि आपल्या केसेस अनुभवी माणसापुढं मांडायच्या, हे वेगळंच.

मी याकडं वळले ते २०१९ च्या महापुरानंतर. शिरोळकडच्या एक मावशी आखडलेला खांदा घेऊन यायच्या. व्यायाम नीट करायच्या, हातही वर जायचा. पण माझ्या क्लिनिकच्या पत्र्यावर पावसाची सर वाजली, की तोच खांदा कानापर्यंत चढायचा आणि श्वास अडकायचा. माझ्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं.

म्हणून एका कार्यशाळेला गेले. शिकवणारे मानसशास्त्रातले एम.ए., बोलणं छान. सगळ्यांना डोळे मिटून आडवं केलं, जोरजोरात श्वास घ्यायला लावला, "जे येतंय ते येऊ द्या." वीसेक मिनिटांत माझ्या शेजारच्या मुलीची बोटं वाकडी होऊन आखडली, ओठ बधिर झाले. सर म्हणाले, "रिलीज होतंय." कसलं रिलीज! अतिश्वसनानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला की हेच होतं, आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. मी तिला उठवून बसवलं, श्वास हळू करायला लावला, हात मोकळे झाले. पण नंतर तासभर ती कुणाशी बोलत नव्हती.

पुढं ज्यांच्याकडं खरं शिकले त्या बाई मात्र पूर्वी भरतनाट्यम शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मी घरातली एक जुनी गोष्ट सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "पायाची बोटं चटईत रुतलीत बघा. गोष्ट राहू दे, आधी खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगा." आपल्याकडं तालमीतला वस्ताद पोराच्या मानेवरून ओळखतो की आज गडी बिथरलाय, तशी ती नजर. (तालमीत मनाचं दुखणं न्यायला सांगत नाहीये हं.)

तेव्हा फोन करून विचारा: कुठली पद्धत, कोर्स पूर्ण केलाय की पहिला टप्पाच? तुमच्या केसेस कोण बघतं? मधेच थांबायचं असेल, डोळे उघडे ठेवायचे असतील तर चालेल का? कुणाची तब्येत बिघडली तर कुठल्या सायकियाट्रिस्टकडं पाठवता? शेवटच्या प्रश्नाला "तशी वेळ येत नाही" असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. जाहिरातीत "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहिलं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर ती बिरुदावली लावता येत नाही.

पुराव्याचंही सांगते. एसईवर २०१७ मध्ये इस्रायलमधला ६३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, निष्कर्ष आशादायक होते. पण ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरणारी) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी) या थेरपींइतकं संशोधन यामागं अजून नाही. "शंभर टक्के गुण" म्हणणारा नृत्यशिक्षक असो नाहीतर डॉक्टर, लांबूनच नमस्कार.

आणि दोन दिवसांत फक्त ओळख होते. शिकून दुसऱ्यावर वापरायचा विचार असेल तर तेवढ्यावर करू नका. स्वतःच्याच त्रासासाठी जाणार असाल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वर्ग राहू दे, आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.