एक्सएमएल वाचताना 'नन' मिळतंय? आधी नेमस्पेस बघा

ॲटम फीड (साइटवरच्या नव्या लेखांची एक्सएमएल यादी) वाचताना 'एंट्री' टॅग शोधला की पायथन 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देतं, असा तुमचा प्रश्न. रेजेक्सने (मजकुराचे नमुने जुळवून) टॅग काढायचा नाद आधी सोडा. पायथनमध्ये एलिमेंटट्री हे एक्सएमएल वाचायचं मॉड्यूल 2.5 आवृत्तीपासून सोबतच येतं, सुरुवातीला तेवढं पुरतं.

तुमची अडचण नेमस्पेसची, म्हणजे टॅग कोणत्या गटातला हे सांगणाऱ्या पत्त्याची आहे. ॲटम फीडच्या मुळाशी 'एक्सएमएलएनएस' लिहिलेलं असतं, त्यामुळे आतल्या प्रत्येक टॅगचं खरं नाव महिरपी कंसातल्या त्या लांबलचक पत्त्यासकट असतं. नुसतं 'एंट्री' शोधलं तर 'नन' मिळणारच. रूटचा 'टॅग' प्रिंट करून बघा, लगेच उलगडेल. मग 'फाइंड'ला प्रीफिक्सची (छोट्या टोपणनावापुढे तो पूर्ण पत्ता देणारी) डिक्शनरी द्या. 3.8 पासून महिरपी कंसात नुसता तारा टाकूनही चालतं, पण मला डिक्शनरीच बरी वाटते. सहा महिन्यांनी कोड वाचताना कळतं तरी.

टॅग सापडला का हे 'इज नॉट नन' लिहूनच तपासा. नुसतं 'इफ' लावलं तर ज्या टॅगच्या पोटात दुसरा टॅग नाही तो सापडूनही खोटा ठरायचा. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती.

आणि हे आपल्यासाठी खास: एक्सएमएल परत मजकुरात बदलणारं 'टूस्ट्रिंग' एन्कोडिंग न सांगता वापरलं की मराठी मजकुराचे आकडे होतात, 'म' च्या जागी अँड, हॅश, 2350. घाबरू नका, डेटा बिघडलेला नसतो. एन्कोडिंग 'युनिकोड' द्या, अक्षरं जशीच्या तशी येतील.

फाइल शेकडो एमबींची असेल तर ती थोडीथोडी वाचणारं 'इटरपार्स' घ्या, आणि काम झालेल्या एलिमेंटवर 'क्लिअर' चालवायला विसरू नका, नाहीतर मेमरी भरत जाते. परक्याकडून आलेली फाइल मात्र डिफ्यूज्डएक्सएमएल या सुरक्षित लायब्ररीनेच उघडा.