मोनालिसा नंतर बघ

रेनेसाँ, म्हणजे युरोपातल्या कलेच्या पुनरुज्जीवनाचा काळ, समजून घ्यायचा तर मोनालिसापासून सुरुवात करू नकोस. आधी फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातल्या दोन मॅडोना, म्हणजे येशूच्या आईची, मेरीची चित्रं, शेजारी शेजारी ठेवून बघ, चिमाबुएची आणि जोत्तोची. दोन्हीकडे पार्श्वभूमी सोनेरीच, पण जोत्तोच्या मेरीच्या गुडघ्यांना वस्त्राखाली वजन आहे. ती खरंच बसली आहे. मग मासाच्चोचं साधारण १४२७ सालचं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र. त्याच्या छापील प्रतीवर पट्टी ठेव आणि छताच्या रेषा खाली वाढवत ने. त्या क्रुसाच्या पायथ्याशी, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एकत्र येतात. माझ्या मते हा व्यायाम दहा पुस्तकांपेक्षा जास्त शिकवतो. पुढे कित्येक शतकं युरोपीय चित्रकला याच यथार्थदर्शनावर, म्हणजे रेषा एका बिंदूत आणून सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या पद्धतीवर उभी राहिली. वासारीने लिहिलेली चित्रकारांची चरित्रं वाचशील तेव्हा लक्षात ठेव, त्याचा कल फ्लॉरेन्सकडे आहे. रंगासाठी व्हेनिसचा चित्रकार तिशियन बघच.