सातेरी पेटीत जाते, आग्या जात नाही

प्रश्न: आमच्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीच्या छज्जाला दोन-अडीच फुटांचं मोहोळ लागलंय. सोसायटीची कमिटी म्हणते पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू. मला माशा मारायच्या नाहीयेत. कोणी त्यांना मधमाशा पाळायच्या पेटीत घालून शेतावर नेईल का?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर: ताई, पोळं एकच आहे ना, उघड्यावर लटकलेलं, आणि त्याच्यावरून अधूनमधून माशांची लाट सर्रकन जाते? मग ती आग्या मधमाशी. आग्या पेटीत नांदत नाही, कितीही जीव तोडून प्रयत्न करा, तिला उंचावर उघडं पोळंच लागतं. त्यामुळे कोणी "रेस्क्यू करतो" म्हणालं तर नेमकं काय करणार ते आधी विचारा, कारण बरेचदा होतं असं की रात्री धूर करून माशा हाकलतात, पोळं कापतात, मध घेऊन जातात आणि आतली अंडी, अळ्या सगळं मरतं. याला रेस्क्यू नाही म्हणत.

आग्या मुळात फिरस्ती, बहार सरला की आपणहून उठून जाते. तोवर गॅलरीच्या दाराला जाळी लावा आणि अंधार पडल्यावर तिथला दिवा बंद ठेवा, आग्या रात्रीही उडते आणि उजेडाकडे येते. खाली गाड्यांवर पिवळे ठिपके दिसतील, ती माशांची विष्ठा, पाण्याने जाते. पोळ्याखाली कचरा जाळणं, फटाके, दगड मात्र अजिबात नको. एक माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात, म्हणून हात न झटकता सरळ घरात पळायचं, काटा लगेच काढायचा. श्वास लागला, चेहरा सुजला तर एक मिनिट न दवडता हॉस्पिटल.

आणि औषध फवारू देऊ नका, कमिटीला हे ठासून सांगा. फवारलेल्या पोळ्यातला विषारी मध दुसऱ्या वसाहतींच्या माशा लुटून नेतात, म्हणजे मरण तुमच्या गॅलरीपुरतं राहत नाही. माशा गेल्या की रिकामं पोळं खरवडून जागा साबणाने धुवा, नाहीतर पुढच्या वर्षी परत तिथेच येऊ शकतात.

प्रश्न: गावच्या जुन्या घराच्या भिंतीत सातेरी मधमाशांचं पोळं आहे, भिंत पाडायची आहे. काय करू?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: दादा, तुमच्या माशा वाचतील! सातेरी अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते, म्हणून पेटीत रुळते. पण पाऊस संपून फुलोरा येऊ द्या आणि पहिल्यांदा माहीतगार माणूस सोबत घ्या.

दुपार कलल्यावर सुरू करा. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, हलका धूर द्या, एकेक चिरा काढा, पोळी एकेक करून कापा. पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्यांची, पोळी पेटीतल्या लाकडी चौकटीत मूळच्याच दिशेने उभी धरून केळीच्या सोपाने बांधायची, उलटी नाही. मधाची पोळी वेगळी काढा, मध गळला तर माशा त्यात बुडतात आणि मुंग्या लागतात. सगळ्यात महत्त्वाची राणी, तिचं पोट लांबट असतं, ती पेटीत गेली की बाकीच्या मागून जातात. माझ्याकडून एकदा घाईत राणी भिंतीतच राहिली, सकाळी बघतो तर पेटी रिकामी आणि सगळ्या माशा परत भिंतीत, ते पोळ्यातले उघडे पडलेले जीव अजून डोळ्यांसमोर येतात.

पेटी अंधार पडेपर्यंत त्याच जागी ठेवा, बाहेर गेलेल्या कामकरी माशा परतू द्या, मग दार बंद करून रात्रीच हलवा. निदान दोन-तीन किलोमीटर लांब न्या, नाहीतर त्या जुन्याच जागी घिरट्या घालत बसतात. दाराला काही दिवस राणीगेट, म्हणजे राणीला बाहेर जाऊ न देणारी जाळी, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि सुरुवातीला साखरेचा पाक.

शिकायचंच असेल तर महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. भिंत पाडायची तारीख ठरवायच्या आधी तिथे एक फोन नक्की करा.