शाळा बदला, पण ती नको

पत्र थोडक्यात असं : मुलगी नाशिक महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत आहे. तिचे वडीलही याच शाळेत शिकले. तेव्हा मुलं मावत नव्हती म्हणून शाळा दोन वेळेत भरायची, आता सहावी-सातवी एकाच वर्गात बसतात. मुख्याध्यापकांचं पद रिकामं आहे. एका ज्येष्ठ बाईंकडे चार्ज आहे आणि त्यांचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. गणिताचे सर दिवाळीनंतर समायोजनात, म्हणजे जास्तीचे शिक्षक दुसऱ्या शाळेत पाठवतात त्यात, गेले, बदली कोणी आलं नाही. वर्गात मोठा डिजिटल बोर्ड आहे, पण त्याचा रिमोट कपाटात आणि कपाटाची चावी बाईंकडे. मुलीला वडिलांसारखं मशीनवर काम करायचं नाही, मशीन बनवणारी इंजिनिअर व्हायचंय. जूनपासून तिला जवळच्या इंग्रजी शाळेत घालायचं, वर्षाची फी 42 हजार, त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं असा घरात विचार चाललाय. ते बरोबर आहे का?

ताई,

शाळेचं नाव आणि वॉर्ड मुद्दाम छापत नाही. तुम्ही सोबत मुलीच्या वह्यांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण मार्कांपेक्षा वही जास्त बोलते. गणिताच्या वहीत 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहिलंय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक सातवीतली पुष्कळ मुलं करतात, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्यावर लाल शाईनं ‘बरोबर’ची खूण आहे! पुढच्या चारही गणितांवर तशीच. वही कुणीतरी न बघता तपासलीय. आणि मराठीच्या वहीत ‘आमची गल्ली’ हा निबंध आहे, त्यात पाण्याचा टँकर आल्यावर उडालेली झुंबड तिनं अशी लिहिलीय की मी तो दोनदा वाचला. म्हणजे मुलगी हुशार आहे, भाषा पक्की आहे, गणित मात्र कोणी न शिकवल्यामुळे कच्चं राहिलंय. ते भरून काढता येतं. तेव्हा ‘पालिकेच्या शाळेतलं पोर पुढे टिकत नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावा.

माझं उत्तर आधीच सांगते. शाळा बदला, पण त्या इंग्रजी शाळेत नको. जूनमध्ये आठवीसाठी एखाद्या चांगल्या अनुदानित मराठी माध्यमिक शाळेत घाला, सेमी इंग्रजी मिळालं तर उत्तम.

बदला म्हणते, कारण ही शाळा वर्षभरात सावरेल असं मला दिसत नाही. तुम्ही सगळा दोष बाईंवर टाकलाय, तो मला पटला नाही. शाळेतली मुलांची संख्या, म्हणजे पट, यावर संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. चार पालकांनी मुलं काढली की पट घसरतो, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, तो समायोजनात जातो, दोन वर्ग एकत्र बसतात, आणि ते बघून आणखी चार पालक मुलं काढतात. मुख्याध्यापकाचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 150 च्या वर मुलं असली तर मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर असली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असा हिशेब आहे. म्हणजे ज्या शाळेला धड मुख्याध्यापकाची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते पद राहत नाही. मग जी व्यक्ती सेवेत ज्येष्ठ तिच्या गळ्यात चार्ज पडतो. तुमच्या बाई वर्गही घेणार, माहितीही भरणार, निवडणुकीच्या याद्यांचं कामही करणार. रिमोट कपाटात का, तर हरवला तर भरपाई त्यांच्या माथी.

ही घसरण वेळीच ओळखून थांबवायची ती पालिकेच्या शिक्षण विभागातल्या वरच्या खुर्चीनं. दोन शाळा एकत्र करायच्या का, गणिताचा शिक्षक तात्पुरता कुठून द्यायचा, माहितीच्या कामाला कारकून द्यायचा का, हे निर्णय शाळेत होत नाहीत. पण ती खुर्ची ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सांभाळली जात असेल, आणि साहेबांना शाळांची नावं पाठ होईपर्यंत बदलीचा आदेश येत असेल, तर निर्णय कोण घेणार? बोर्ड खरेदी करायला एक फाइल पुरते. तो रोज चालू होतोय का हे बघायला माणूस लागतो. त्यात नाशिकमध्ये मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. एवढा काळ पालकांना गाऱ्हाणं घेऊन जायला हक्काचा नगरसेवकही नव्हता. पालिकेच्या सगळ्याच शाळा अशा आहेत असं मात्र समजू नका. जिथे खमका मुख्याध्यापक टिकून राहतो तिथे प्रवेशाला रांग लागते.

आता इंग्रजी शाळेला नाही का म्हणते ते. आठवीत बीजगणित नीट सुरू होतं. गणिताची गाडी आधीच मागे, त्यात इतिहास-भूगोलापासून सगळं एकदम परक्या भाषेत, म्हणजे जी तिची ताकद आहे ती भाषाच काढून घेतल्यासारखं. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो, सातवी-आठवीला मिळत नाही, म्हणजे फी पूर्ण भरावी लागेल. तीन वर्षांचे एक लाख 26 हजार, गणवेश आणि व्हॅन वेगळी.

आणि एक गोष्ट तुम्हाला शाळेत कोणी सांगितलेली दिसत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची, आर्थिक दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, साधारण डिसेंबरमध्ये. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार, म्हणजे एकूण 48 हजार रुपये मुलीच्या खात्यात येतात. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत घातलंत की तो रस्ता बंद, आणि मिळाल्यावर तशा शाळेत गेलात तरी बंद. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, तुमचं आहे. सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. म्हणून या वर्षीच्या वार्षिक परीक्षेकडे दुर्लक्ष करू नका. पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न : एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा अभ्यासाचा. दुसऱ्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20. वाचून समजणारी मुलगी यात मार खात नाही.

इंजिनिअर होण्याचा रस्ता मराठी शाळेतूनही तोच आहे. दहावीनंतर थेट डिप्लोमा, नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे, प्रवेश दहावीच्या मार्कांवर. किंवा अकरावी-बारावी विज्ञान आणि मग सीईटी. तिला यंत्रांची खरीच ओढ असेल तर डिप्लोमाकडे माझा कल जास्त आहे, वर्कशॉपमध्ये हात लवकर बसतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. शिवाय 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कर्ज काढायची वेळ आलीच तर तेव्हा काढा, आठवीत नको.

अनुदानित शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि गॅदरिंगचे फोटो बघून भुलू नका. आठवीला गणित कोण शिकवतं, ते कायम आहेत का, एका तुकडीत मुलं किती, एवढंच विचारा. मधल्या सुट्टीत गेटबाहेर थांबून दोन मुलींना विचारलंत तर आणखी खरं कळेल. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. प्रवेशापूर्वी सातवीचं विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक आणून तिला एक धडा वाचायला लावा. अर्धा कळला तरी सेमी घ्या.

तोवर गणित. क्लास लावू नका, क्लासवाले सातवीचा पुढचा धडा घेतील आणि तिचा घोटाळा पाचवीतला आहे. पाचवी-सहावीची गणिताची पुस्तकं आणा. लसावि, मग छेद समान करणं, मग बेरीज. रोज पाऊण तास, वडिलांनी बसायचं. ते दिवसभर मायक्रोमीटरवर मापं घेतात, दशांश अपूर्णांक त्यांच्याइतके कुणाला येणार!

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात, पण रजिस्टर घरी येतं आणि सही घेऊन जातात. ताई, ती सही थांबवा. समितीत 75 टक्के पालक आणि अध्यक्षही पालकच असतो, तो उगाच नाही. पुढच्या वेळी रजिस्टर आलं की सांगा, बैठक लावा. ‘सातवीला गणित शिक्षक नाही, तातडीनं द्यावा’ आणि ‘माहितीच्या कामासाठी मदतनीस मिळावा’ असे दोन ठराव लिहून घ्या. त्याची प्रत शिक्षण विभागात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं नव्या साहेबाला कळत नाही, आवक क्रमांक असलेला कागद फाइलीत राहतो. नव्या नगरसेवकाकडेही तीच प्रत घेऊन जा. बाईंना आधी विश्वासात घ्या, ठराव त्यांच्याही सोयीचा आहे. मुलगी बाहेर पडली की तुमचं सदस्यत्व जाईल, तेव्हा हे मार्चच्या आत.

दाखला मागाल तेव्हा थोडी टाळाटाळ होईल, कारण पट. भांडू नका, लेखी अर्ज द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला लगेच द्यावाच लागतो, आणि तो उशिरा मिळाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हातात पडल्यावर नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी, आईचं नाव आणि जात घरच्या इतर कागदांशी ताडून बघा. चूक असेल तर त्याच टेबलावर दुरुस्त करून घ्या, दहावीच्या बोर्डाच्या कागदांवर गेल्यावर ती निस्तरायला फार चपला झिजतात.