साके पाणचट लागली म्हणतोस, तर हे वाच

तू लिहिलंयस की बहिणीने जपानमधल्या हिरोशिमाकडची जुन्माई गिन्जो (साकेचा, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचा, एक प्रकार) आणली, तू ती मायक्रोवेव्हमधे कडकडीत गरम केलीस, शॉट ग्लासातून चिकन सुक्क्यासोबत मारलीस आणि "पेजेत स्पिरिट ओतल्यासारखी पाणचट" लागली. अरे राजा, हापूस शिजवून खाल्लास आणि वर विचारतोयस की चव का नाही लागली :) हसतोय पण चिडवत नाहीये, कारण मी कारच्या पार्ट्सच्या कामासाठी तिकडे तीन वर्षं होतो आणि पहिले सहा महिने माझंही हेच मत होतं.

पण पाणचट या शब्दात तू नकळत बरोबर जागी बोट ठेवलंस. साकेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि हिरोशिमा भागातलं पाणी मऊ, म्हणजे खनिजं कमी असलेलं. कोबेजवळच्या नाडा या साके बनवणाऱ्या भागाचं पाणी जड, त्यातल्या खनिजांवर यीस्ट जोरात चालतं, म्हणून तिथली साके जरा दणकट. हिरोशिमाच्या किनाऱ्यावर तीच पद्धत वापरली की आंबवण अर्ध्यात मंदावायची आणि माल नासायचा. आकित्सु नावाच्या छोट्या बंदरगावात मिउरा सेन्झाबुरो म्हणून एक दारू गाळणारा होता (गाळणारा म्हणजे आपल्या हातभट्टीवाला नव्हे, साके डिस्टिल करत नाहीत, आंबवून पिळून काढतात), त्याचीही दारू वर्षानुवर्षं अशीच बिघडायची. शेवटी त्याने कोजी, म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवतात ती बुरशी, दाण्याच्या आतपर्यंत मुरेल अशी वाढवली आणि आंबवण थंडीत हळूहळू होऊ दिली. आणि मला या माणसाचं कौतुक कशाचं वाटतं तर धंद्याचं गुपित लपवून न ठेवता 1898 साली त्याने सगळी पद्धत पुस्तकात छापून टाकली. 1907 च्या पहिल्या देशपातळीवरच्या स्पर्धेत पहिला नंबर हिरोशिमाच्याच ताकेहाराच्या साकेचा आला.

त्याच आकित्सुत इमादा शुझो ही 1868 ची ब्रुअरी आहे, ब्रँड फुकुचो. तिथली मुख्य ब्रूअर, म्हणजे तोजी, एक बाई आहेत, इमादा मिहो, 2020 च्या बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत होत्या. त्यांनी हात्तान्सो नावाचं लागवडीतून गेलेलं स्थानिक भाताचं वाण थोड्याशा बियाण्यापासून परत उभं केलं. आपल्याकडे कुणी जुना आंबेमोहर जपतं ना, तसलाच नाद. मला साके कळली ती याच बाटलीवर. पहिल्या घोटाला काहीच नाही, दुसऱ्याला हलका नाशपातीसारखा वास, आणि गिळल्यावर वाफाळत्या भाताचं झाकण उघडल्यावर येतो तसा गोडसर दरवळ नाकातून परत आला. हे "परत येणं" महत्त्वाचं, शॉट मारला की नेमकं तेच जातं.

आता तुझ्या बाटलीचं. साकेसाठी तांदूळ आधी वरून घासतात. लेबलवर 60 किंवा 55 टक्के असा आकडा असेल, त्याचा अर्थ तेवढा दाणा घासून काढला असा नाही, तेवढा उरला असा आहे. गिन्जोला 60 किंवा कमी, दाइगिन्जोला 50 किंवा कमी. जुन्माई म्हणजे वरून अल्कोहोल घातलेलं नाही, बस. कमी आकडा म्हणजे भारी माल असं दुकानदार सांगतो, मी मानत नाही, जास्त घासलेली साके वासाला सुंदर पण जेवणासोबत बऱ्याचदा मिळमिळीत होते.

फ्रिजमधून काढ, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेव, 10 ते 15 डिग्री पुरे. छोटा वाइन ग्लास घे किंवा पांढरा चिनीमातीचा कप, शॉट ग्लास नको. तिकडे चाखायला तळाशी निळी वर्तुळं असलेला पांढरा कप वापरतात, निळ्यावरून साकेचा गढूळपणा कळतो आणि पांढऱ्यावरून रंग. छोटा घोट घेऊन जिभेवर जरा फिरव, थोडी हवा ओढ, चहा भुरकतो तसंच, मग गिळ आणि नाकाने श्वास सोड. आणि शेजारी पाण्याचा ग्लास हवाच, 15-16 टक्के आहे ती, सरबतासारखी उतरते आणि उठताना कळतं.

गरम करूच नये असं नाही हं. साधी जुन्माई 40-45 डिग्रीला काय खुलते! पण बाटली-चंबू गरम पाण्यात उभा ठेवून, हात लावल्यावर सुखद वाटेल इतकंच. मायक्रोवेव्हमधे वरचं उकळतं, खालचं थंड, आणि गिन्जोचा वास तर पहिला उडतो.

सुक्कं मात्र विसर. साकेत आंबटपणा वाइनपेक्षा बराच कमी, मसाल्यापुढे ती उभीच राहात नाही. आकित्सु कालवांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे कालवं-साके ही जोडी ठरलेली. आपल्याकडे मी तिसऱ्या (शिंपल्या) नुसत्या आलं-मीठ घालून वाफवतो, किंवा हळद-मीठ लावलेली सुरमई कमी तेलात, लिंबू बाजूला. साधं वरण-भात-तूप पण चालतं, बायको हसते पण चालतं.

उरलेली अर्धी बाटली फ्रिजमधे उभी ठेव, आडवी नको, आठवड्या-दोन आठवड्यात संपव. लेबलवरची तारीख बहुतेक बाटलीत भरल्याची असते, एक्स्पायरी समजून घाबरून ओतून देऊ नकोस (आमच्या ग्रुपमधे एकाने दिली होती). आणि बहिणीला सांग, पुढच्या वेळी बाटलीवर "नामा" असेल तर आणू नको, ती पाश्चराइज केलेली नसते, सतत थंड लागते, सुटकेसमधून आपल्या मे महिन्यात येईपर्यंत तिचं काय होईल ते तूच बघ.