बिल्डर म्हणतो मार्च. भाडेकरार कधीपर्यंतचा करू?

प्रश्न : ताई, आम्ही वाकडला भाड्याने राहतो. ताथवड्यात टू बीएचके बुक केलाय. ॲग्रीमेंटमध्ये ताब्याची तारीख 31 डिसेंबर आहे, आता बिल्डरच्या ऑफिसातले म्हणतात, "मार्च नक्की." आमचा भाडेकरार 15 नोव्हेंबरला संपतो. मालक म्हणतात, 11 महिन्यांचा नवा करार करा, भाडं 24 ऐवजी 26 हजार आणि सहा महिने लॉक-इन (म्हणजे त्याआधी घर सोडता येणार नाही); नाहीतर करार न करता जुन्याच भाड्यात महिन्या-महिन्याने राहा. यांना दुसरं पटतंय. मुलगी चौथीत आहे. काय करू?
– एक वाचक, वाकड

उत्तर : करार करा. लॉक-इनला घाबरू नका.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर 22 वर्षं काढली, तरी स्वतःच्या वेळी गाढवपणा केलाच. "दसऱ्याला वास्तुशांत करून टाका" असं बिल्डर म्हणाला आणि मी भाड्याच्या घराची नोटीस देऊन मोकळी झाले. दसरा गेला, दिवाळी गेली; संक्रांतीचे तिळगूळ आम्ही नणंदेच्या घरी वाटले. तिच्या गॅलरीत आमची 41 खोकी, वर निळी ताडपत्री. मिसळणाचा डबा कुठल्या खोक्यात गेला तो अजून सापडलेला नाही.

आता तुमचं कॅलेंडर बघू. 16 नोव्हेंबरपासून सहा महिने म्हणजे 15 मे. समजा, बिल्डरने खरोखर मार्चअखेर ओसीसह (भोगवटापत्रासह) किल्ली दिली. तरी किचनची ट्रॉली, कपाटं, ग्रिल, पडदे यांत दीड महिना सहज जातो. सुतार एकदा प्लायवूड टाकून गेला की आठ दिवस फोन उचलत नाही, हे गृहीत धरा. म्हणजे आला मे. तोवर मुलीची परीक्षाही झालेली असेल. ज्या लॉक-इनची तुम्हाला धास्ती वाटते, त्या काळात तुम्ही तसंही हलणार नाही आहात.

फक्त नोटिशीचं कलम नीट वाचा. बऱ्याच करारांत 'लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस' असं मोघम लिहिलेलं असतं. मग 15 मेला नोटीस आणि 15 जूनला सुटका, म्हणजे 26 हजार जास्तीचे. '15 एप्रिलला नोटीस देऊन 15 मेला घर सोडता येईल' हे शब्दांत लिहून घ्या. आणि दुसऱ्या टोकाचंही बघा. 11 महिने 15 ऑक्टोबरला संपतील. तोवरही घर मिळालं नाही तर आणखी तीन महिने याच भाड्यात, हे आत्ताच ठरवून ठेवा. घासाघीस करायची तर त्यासाठी करा, दोन हजारांसाठी नको.

तुमच्या यजमानांना पटलेला दुसरा मार्ग स्वस्त दिसतो खरा. पण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. ती जबाबदारी मालकाची आहे. आणि कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक दुप्पट शुल्क मागू शकतो. आज गोड बोलणारे मालक फेब्रुवारीत "मुलगा येतोय, घर रिकामं करा" म्हणाले, तर हातात कागद काय?

बिल्डरवाले 'फिट-आउट पझेशन' नावाचा गूळ लावतील. ओसी नसताना "फर्निचर करायला घ्या" म्हणतात, सोबत शेवटच्या हप्त्याचं डिमांड लेटर येतं. बळी पडू नका. ओसी झाल्यावर ताबा घ्यायला रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा) कायदा दोन महिने देतो, त्यामुळे घाई तुम्हाला नाही, त्यांना आहे. ओसीची प्रत हातात पडल्याशिवाय मालकांना नोटीसही देऊ नका.

उशिराचे पैसेही मागता येतात. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर बिल्डरने तारीख वाढवून घेतली असली, तरी रेरा कायद्याच्या कलम 18 खालचं व्याज तुमच्या ॲग्रीमेंटमधल्या तारखेपासून मोजतात; दर स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक दोन टक्के. 1 जानेवारीला, तिळगुळाची वाट न बघता, लेखी ईमेल टाका. फोनवरच्या "मॅडम, बघतो"ला किंमत नाही.

आणि या रविवारी दोघं साइटवर जा. सॅम्पल फ्लॅटमध्ये चहा देतील, तो घ्या, पण मग तळमजल्यावर मीटर रूममध्ये डोकवा. मीटर बसलेत की नुसत्या वायरी लोंबतायत? लिफ्ट चालू आहे का? टाकीत पाणी टँकरचं आहे का, हे वॉचमनला विचारा. त्याला सगळं माहीत असतं. वायरीच लोंबत असतील, तर ऑक्टोबरनंतरच्या तीन महिन्यांबद्दल मालकांशी सोमवारीच बोला.